सरदारची उमेदवारी

लोणावळ्याच्या बाजारपेठेत राजमहंमद मुलाणींची पावभट्टी होती. पार खंडाळ्यापर्यंतच्या बंगल्यांना पाव, बिस्किटं आणि नानकटाई तिथूनच जायची. त्यांचा थोरला मुलगा सरदार दिसायला देखणा, बोलायला तरतरीत, आणि गणितात तर असा की तळेगावच्या हायस्कुलात मास्तरांचे आकडे फळ्यावर उतरेपर्यंत याचं उत्तर तयार. त्याच्या शेजारी सोमाटण्याच्या शेतकऱ्याचा मुलगा बसायचा, हौशीराम मुऱ्हे. हौशीराम सावकाश उत्तर काढायचा, काढलेलं पुन्हा तपासायचा आणि मग सरदारकडे वळून हळूच विचारायचा, "आलं का रं बरोबर?"

सरदारला हा प्रश्न फार आवडायचा. हौशीरामची आई शालूबाई डब्यात दोघांपुरत्या भाकरी बांधून द्यायची, सरदार भट्टीवरचे पाव आणायचा, दोघं एकत्र जेवायचे. शाळेत सगळे त्यांना जोडगोळी म्हणायचे. पण त्या जोडीत पुढे कोण आणि मागे कोण, हे सरदारच्या मनात पहिल्यापासून ठरलेलं होतं, आणि ते तसं होतं म्हणूनच ती मैत्री त्याला गोड लागत होती.

मॅट्रिक झाल्यावर सरदारनं घरी सांगितलं, की मला मुंबईच्या कॉमर्स कॉलेजात जायचंय. राजमहंमद पिठाचे हात झटकत म्हणाले, "हिशेब शिकायला मुंबईला? हिशेब तर गल्ल्यावर बसून शिकतात."

"अब्बा, गल्ल्यावरचा हिशेब वेगळा. मोठ्या कंपन्यांचे हिशेब बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यावे लागतात, कायदाच आहे तसा. आणि तो माणूस परीक्षा पास झालेला लागतो. त्याची सही नसेल तर कंपनीच्या मालकालाही कुणी विचारत नाही."

"नुसती सही?"

"नुसती सही. पण तिच्यासाठी आधी बी. कॉम. व्हायचं, मग एखाद्या नामांकित ऑडिटरकडे तीन वर्षं उमेदवारी करायची, मग सरकारी परीक्षा."

राजमहंमदांना सही पटली. वकील आणि डॉक्टर सोडून तिसरा शिकलेला माणूस तेव्हा मावळात फारसा कुणी पाहिलेला नव्हता. आपला मुलगा तो तिसरा होईल, या कल्पनेनं ते गिऱ्हाइकांना दोन पाव जास्त द्यायला लागले. सरदारनंच सोमाटण्याला जाऊन हौशीरामच्या वडलांची समजूत घातली आणि त्यालाही बरोबर नेलं. मुंबईत एकट्यानं करमलं नसतं, हे एक कारण. 'आलं का बरोबर' विचारणारं कुणीतरी जवळ हवं, हे दुसरं. ते त्यानं स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

एकोणीसशे तीस साली दोघं बी. कॉम. झाले. सरदारला वरचा वर्ग मिळाला, हौशीराम नुसता पास झाला. आता प्रश्न उमेदवारीचा होता. मोठे ऑडिटर एका वेळी एकदोनच उमेदवार घेत आणि तेही ओळखीतले. सरदारच्या नशिबानं अशा एका पारशी ऑडिटरांचा, बेहरामजी साहेबांचा, खंडाळ्याला बंगला होता आणि त्या बंगल्यावर पाव मुलाणींचाच जायचा. उन्हाळ्यात साहेब आले तेव्हा राजमहंमदांनी खानसाम्याकडून निरोप पोचवला. 'मुलाला रविवारी सकाळी पाठवा,' असं उत्तर आलं.

सरदारनं चुलत्याचा कोट घातला, तुर्की टोपी नीट केली. राजमहंमदांनी ताज्या नानकटाईची टोपली त्याच्या हातात दिली. "थोर माणसाकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, बेटा." हौशीराम सोबतीला म्हणून निघाला. धोतर, सदरा, डोक्याला साधी टोपी.

बंगल्याच्या फाटकाशी माळी उभा होता. त्यानं टोपली पाहिली, सरदारचा चेहरा ओळखला आणि म्हणाला, "पाववाले मागल्या दारानं." सरदार सांगायला गेला की आज मी पाव घेऊन नाही आलो, पण हातातून दरवळ तर सुटलेला होता. माळ्याशी वाद घालण्यापेक्षा टोपली स्वयंपाकघरात टाकून यावी, म्हणून तो मागे गेला. खानसाम्यानं थांबवून ठेवलं, मागच्या आठवड्यात पाव करपले होते त्याची तक्रार ऐकवली. शेवटी सरदार घराच्या आतल्या बाजूनं व्हरांड्यात आला, तेव्हा हौशीराम साहेबांसमोर वेताच्या खुर्चीत बसलेला होता आणि साहेब त्याच्याशी बोलत होते.

"हा कोन?" साहेबांनी विचारलं.

हौशीराम घाईघाईनं उभा राहिला. "साहेब, हाच सरदार. तुम्ही बोलावलंत तो. मी नुसता बरोबर आलोय."

साहेब हसले, चूक झाली म्हणाले, सरदारलाही खुर्ची दिली. दोघांना सारखेच प्रश्न विचारले. सरदारनं पटापट उत्तरं दिली. शेवटी साहेब म्हणाले, "तीन वरस पगार नाय मिलनार. पोटाला काय करशील?"

"वडील पाठवतील," सरदार म्हणाला.

"आनी तू?"

हौशीराम म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ शिकवण्या करीन. कचेरीत झोपायला मिळालं तर खोलीचं भाडं वाचेल."

आठ दिवसांनी पत्र आलं. जागा एकच होती आणि ती हौशीराम मुऱ्हेला मिळाली होती.

हौशीराम त्याच दिवशी लोणावळ्याला धावत आला. "सरदार, तू म्हण, मी जात न्हाई. जागा तुझी हाय."

त्या वेळी सरदार 'खरंच नको जाऊस' म्हणाला असता, तर हौशीराम गेला नसता. पण तसं म्हणणं म्हणजे हौशीरामची मेहेरबानी घेणं. सरदार मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "अरे जा. मला दुसऱ्या दहा मिळतील."

दहा सोडा, एकही मिळाली नाही. मंदीचे दिवस होते. वर्षभर खटपट करून शेवटी तो वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या कचेरीत हिशेबनीस कारकून म्हणून चिकटला. लग्न झालं. अजीजुन्निसा घरात आली, दोन मुली झाल्या. राजमहंमद थकले तेव्हा भट्टी धाकट्या ताजुद्दीननं सांभाळली. तसं पाहिलं तर सरदारचं काही वाईट चाललेलं नव्हतं. पगार वेळेवर होता, बाजारात मान होता. पण त्याला आतून काहीतरी कुरतडत होतं.

ते टोपलीपासून सुरू झालं होतं. अब्बांनी टोपली दिली नसती तर मी पुढच्या दारानं गेलो असतो, खुर्चीत मी बसलो असतो, असं तो स्वतःला सांगायचा. कधी अब्बांवर राग यायचा, कधी माळ्यावर. पण राग फिरून फिरून हौशीरामवरच जाऊन बसायचा. त्यानं त्या खुर्चीत बसायला नको होतं. उभं राहून वाट पाहता आली नसती?

हौशीराम सरकारी परीक्षा पहिल्या झटक्यात पास झाला. सरदारनं ते वर्तमानपत्रात वाचलं आणि त्या दिवशी कालवणात मीठ जास्त झालंय म्हणून अजीजुन्निसावर ओरडला. तिनं चाखून पाहिलं. मीठ बेताचं होतं. पुढे हौशीराम सही करणारा ऑडिटर, म्हणजे रजिस्टर्ड अकौंटंट झाला, फोर्टात त्याची स्वतःची कचेरी झाली. सोमाटण्यात त्याचं कौतुक झालं तेव्हा सरदारला तापाचं निमित्त सापडलं. हौशीराम पेढे घेऊन घरी आला, तर हा म्हणाला, "वा! आम्ही कुठं लक्षात राहिलो?" हौशीरामचा चेहरा उतरला आणि ते पाहून सरदारला दिवसभर बरं वाटलं. तरीही मुंबईहून कुणी आलं की तो आडून आडून विचारायचाच: मुऱ्ह्यांचं कसं चाललंय? चांगलं चाललंय असं ऐकलं की त्याचं जेवण जायचं. एकदा कुणी म्हणालं, बरं दिसत नाही फारसं; तर त्या दिवशी त्यानं मुलींना बर्फाचे गोळे खाऊ घातले.

सगळ्यात वाईट दिवस वर्षातून एकदा यायचे. कंपनीचे ऑडिटर मुंबईहून यायचे आणि त्यांच्याबरोबर विशीतले उमेदवार. ही पोरं सरदारनं वर्षभर मांडलेल्या हिशेबांवर रंगीत पेन्सिलीनं खुणा करत बसायची आणि सरदार टेबलाशी उभा राहून त्यांना पावत्या काढून द्यायचा. एकदा त्यांतल्या एकानं यंत्रांच्या घसाऱ्याबद्दल चुकीचं विधान केलं. सरदारनं दुरुस्त केलं. पोरगा हसून म्हणाला, "तुम्ही बरंच वाचलेलं दिसतंय."

त्या दिवशी तो घरी आला तो न जेवता खिडकीशी बसून राहिला. अजीजुन्निसा शेजारी येऊन बसली. लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती; नवऱ्याच्या पोटात काय दुखतं ते तिला केव्हाच कळलं होतं.

"अहो, ती परीक्षा देऊन टाका की."

"काय बोलतेस? उमेदवारी करावी लागते तीन वर्षं. पगार नाही. तीस वर्षांचा घोडा झालोय मी."

"घर ताजुद्दीनभाई बघतील. मी शिवणकाम करीन. पण त्या हौशीरामभाऊंच्या नावानं रोज ताटावरून उठता, ते मला बघवत नाही."

तिनं नाव उघडपणे घेतलं, म्हणून तो चिडला. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं मुंबईच्या ऑडिटरांना पत्रं घालायला सुरुवात केली.

कुणी घेईना. बेहरामजी साहेब वारले होते. बाकीच्यांना बायकामुलांचा तिशीतला उमेदवार नको होता. हे सगळं अजीजुन्निसानं ताजुद्दीनच्या कानावर घातलं. ताजुद्दीन पिठाच्या कामासाठी तळेगावला जायचा, तो वाट वाकडी करून सोमाटण्याला गेला आणि शालूबाईंना सांगून आला. पुढच्याच आठवड्यात हौशीराम दारात उभा.

"माझ्याकडं एक जागा रिकामी होतीय," तो बसल्या बसल्या म्हणाला. "तू येतोस?"

हौशीरामच्या हाताखाली! सरदारनं अजीजुन्निसाकडे पाहिलं. ती मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"पण एक सांगून ठेवतो," हौशीराम म्हणाला. "कचेरीत मैतरी चालायची न्हाई. तितं तू उमेदवार आणि मी ऑडिटर. बाकीच्या पोरांना जे, तेच तुला."

'येतो' म्हणताना सरदारच्या मनात कृतज्ञता नव्हती. तीन वर्षं हा माणूस कसं काम करतो ते जवळून पाहीन, त्याचं कुठं चुकतं ते शोधीन, आणि मग याच्याच समोर पाटी लावीन, हे होतं. माणूस वाईट नव्हता. पण आठ वर्षं एकच विचार घोळवला की तो घरच्यासारखा वाटू लागतो.

हौशीरामनं शब्द पाळला. कचेरीत तो सरदारला 'मुलाणी' म्हणायचा. पहिलं वर्ष बेरजा तपासण्यात आणि पावत्या ताडून पाहण्यात गेलं. बरोबरचे उमेदवार सरदारला 'काका' म्हणायचे. सरदारचं काम झपाट्यानं व्हायचं, पण हौशीराम ते परत त्याच्यापुढे सरकवायचा. "पुन्हा बघा, मुलाणी." दहातल्या नऊ वेळा पुन्हा बघून काही निघायचं नाही. दहाव्या वेळी निघायचं, आणि तेच सरदारला जास्त लागायचं. अशिलांकडे गेलं की मालक मंडळी हौशीरामला दारापर्यंत सोडायला यायची. तो कमी बोलायचा, हळू बोलायचा, आणि त्याच्या त्या हळू बोलण्याकडे सगळी खोली कान लावायची. सरदार मागे बॅग घेऊन उभा असायचा. हे माझं होतं, असं त्याला वाटायचं. हा आवाज सोडला तर बाकी सगळं माझं होतं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीला एका कापड कंपनीचं काम आलं. कंपनी मोठी होती; तिचं काम हौशीरामकडे पहिल्यांदाच आलेलं. गोदामातला माल मोजायला सरदारला पाठवलं होतं. काम संपत आलं, अहवालाचा मसुदा तयार झाला, हौशीरामनं त्यावर नजर टाकून टाइपाला दिला. सोमवारी तो कंपनीच्या संचालकांपुढे जायचा होता. शनिवारी दुपारी सरदार टाइप झालेली प्रत जुळवत असताना त्याचा हात थांबला. कराचीला विकलेल्या, पण मोजणीच्या दिवशी अजून गोदामातच असलेल्या कापडाच्या गाठी विक्रीत धरल्या होत्या, आणि त्याच गाठी गोदामातल्या शिल्लक मालातही धरल्या होत्या. एकच माल दोनदा. नफा फुगून दिसत होता. अहवाल असाच गेला आणि पुढे कुणाच्या लक्षात आलं, तर ज्यानं सही केली त्याची अब्रू जाणार होती.

शेजारच्या खोलीत हौशीराम होता. दार उघडंच होतं. सरदारनं कागद जुळवले, टाचणी लावली, टेबलावर ठेवले. "जातो," म्हणाला आणि लोणावळ्याची गाडी पकडली.

घाट चढेपर्यंत त्याला इतकं हलकं वाटत होतं की समोरच्या प्रवाशाला त्यानं आपणहून जागा करून दिली. घरी मुलींना खांद्यावर घेतलं. रविवारी दुपारी जेवताना तर त्याला राहवलंच नाही. त्यानं अजीजुन्निसाला सगळं सांगितलं.

तिचा हात भांड्यावरच थांबला. "आणि तुम्ही गप्प बसलात?"

"त्यानं बघायला नको? सही त्याची आहे."

"त्यांनीच जागा दिली ना तुम्हाला?"

"दिली! माझीच जागा मला दिली!" तो इतक्या जोरात ओरडला की मुली दचकल्या.

अजीजुन्निसानं वाद घातला नाही. तिनं ताट उचललं आणि आत जाता जाता म्हणाली, "मी दोन वर्षं मशीन चालवतेय ते तुम्ही साहेब व्हावं म्हणून. दुसऱ्याला पाडावं म्हणून नाही."

सोमवारी पहाटेच्या गाडीत सरदार कधी ठरवत होता सांगायचं, कधी नाही. कर्जतला वाटलं सांगावं. कल्याणला वाटलं, का सांगावं? कचेरीच्या पायऱ्या चढेपर्यंत काहीच ठरलं नव्हतं. आत हौशीराम शनिवारचाच सदरा घालून बसला होता. टेबलावर नवा टाइप केलेला अहवाल होता.

"मुलाणी, दार लावा," तो म्हणाला. "काल सहज पुन्हा कागद काढले. कराचीच्या गाठी दोनदा धरल्या गेल्या होत्या. टाइपिस्टला घरून बोलावून आणलं आणि दुरुस्त केलं." त्यानं मान वर केली. "माल तुम्हीच मोजला होता. तुमच्या ध्यानात आलं नाही?"

सरदारला सुटायला एक शब्द पुरेसा होता: नाही. नजरचूक झाली म्हणायचं, माफी मागायची, संपलं. पण त्या शब्दाशी त्याची जीभ अडली. हौशीरामला सापडलं आणि मला सापडलं नाही, असं याला वाटावं? फळ्याआधी उत्तर काढणाऱ्या सरदारला? ते त्याला सहन होईना. पश्चात्तापानं नव्हे, खोटं बोलायचं नाही म्हणूनही नव्हे. निव्वळ मत्सरानं तो खरं बोलला.

"आलं होतं. शनिवारीच."

हौशीरामनं हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग बोलला ते कचेरीतलं मराठी नव्हतं.

"चुकला आसतास तर म्या शिकवलं आसतं, सरदार. तू चुकला न्हाईस. तू बसून बघणार होतास व्हय?"

सरदार टेबलावरचा नवा अहवाल उगाच सरळ करू लागला.

"त्या खुर्चीचं अजून डोक्यात हाय तुझ्या. मला म्हाईत हाय. मला वाटलं, हितं आलास, काम केलंस, की जाईल." त्याचा नेहमीचा हळू आवाज चढला होता. सरदारनं त्याला असं कधीच पाहिलं नव्हतं. "माझ्या आईनं तुला भाकरी घातली रं."

त्याच आठवड्यात हौशीरामनं सरदारची उरलेली उमेदवारी ओळखीच्या दुसऱ्या ऑडिटरकडे सोपवली. कारण सांगितलं नाही. जाताना नमस्कारही घेतला नाही. सरदारनं पेटी उचलली. आपल्याला घालवून दिलं याची लाज वाटत होतीच. पण तिच्या तळाशी अजून एक टोचणी होती. हौशीराम रविवारीसुद्धा कामावर बसला आणि त्याला ती चूक सापडली. एवढं आपण कधी केलं असतं का?

हा प्रश्न मात्र कामी आला. उरलेलं वर्ष सरदार काढलेलं उत्तर पुन्हा काढून पाहायला शिकला. परीक्षेत पहिल्या वेळी एका विषयात राहिला, दुसऱ्या वेळी, एकोणीसशे बेचाळीसमध्ये, पास झाला. राजमहंमद ते पाहायला उरले नव्हते. ताजुद्दीननं त्या दिवशी भट्टीवर आलेल्या कुणाकडूनही पैसे घेतले नाहीत. लोणावळ्यात राहत्या घराच्या पुढच्या खोलीवर पाटी लागली: 'सरदार रा. मुलाणी, बी. कॉम., रजिस्टर्ड अकौंटंट'. पाटी रंगवणाऱ्याला त्यानं विचारलं होतं, मुंबईला केवढ्या मोठ्या करतात? मग त्याहून बोटभर मोठी करायला सांगितली.

लढाईचे दिवस होते. खंडाळ्याची हॉटेलं गोऱ्या सोजिरांनी भरलेली, कंत्राटदार गब्बर झालेले, आणि सरकारनं जादा नफ्यावर कर बसवलेला. हिशेब-तपासनिसाला काम भरपूर होतं. मावळातल्या सहकारी सोसायट्या, एकदोन गिरण्यांचे दलाल, आणि खंडाळ्यातलं एक मोठं हॉटेल, ज्याची चार भागीदारांनी लिमिटेड कंपनी केली होती. सरदारच्या मिळकतीचा मोठा हिस्सा त्या हॉटेलातून यायचा. दुसऱ्या वर्षी मालकांनी सुचवलं, की लष्कराकडून आलेल्या पैशांपैकी निम्मे हिशेबात दिसू नयेत. सरदार म्हणाला, मग माझी सही मिळायची नाही.

"तुमची नाही तर नाही," मोठे मालक म्हणाले. "मुंबईचे मुऱ्हे आणू. तुमच्यापेक्षा मोठं नाव आहे."

दुसरं कुठलंही नाव घेतलं असतं तर सरदारला पैशाचं दुःख झालं असतं. या नावानं जुनी आग भडकली. अजीजुन्निसाला तो म्हणाला, "बघ, आता लोणावळ्यातही आला. दोन घास सुखानं खातोय ते बघवलं नाही त्याला." मधल्या चार वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. हौशीरामची गाडी घाटरस्त्यानं जाताना दिसली की सरदार कचेरीच्या दारातून आत सरकायचा.

आणि एका दुपारी तीच गाडी पाटीखाली थांबली. हौशीराम उतरला. कपाळावर केस विरळ झाले होते. आत येऊन तो अशिलांच्या बाकावर बसला.

"त्या हॉटेलवाल्यांनी मला बोलावलंय," तो म्हणाला. "जुन्या ऑडिटरला विचारल्याबिगर नवं काम घ्यायचं न्हाई, अशी माझी रीत हाय. का काढतायत तुला?"

सरदारनं खोचून विचारलं, "मी काय सांगितलं तर तू सोडशील?"

"खरं सांगितलंस तर."

सरदारनं सांगितलं. लष्कराचे पैसे, निम्म्याची गोष्ट, सहीला दिलेला नकार. हौशीरामनं मधे एकदाही अडवलं नाही. मग त्यानं मान हलवली. "मग मी बी घेत न्हाई. जाता जाता सांगून जातो त्यांना."

एवढ्यावर सरदारचे डोळे भरून यायला हवे होते. पण त्याच्या तोंडून आलं, "तुला परवडतं. तू एका शब्दात टाकलंस. मी आठ दिवस तळमळत होतो."

"व्हय, मला परवडतं," हौशीराम म्हणाला. "म्हणूनच विचारतोय, तू कसं काय टाकलंस?"

सरदारला हसू फुटलं. ते त्याला आवरता आलं नाही. "खोटं कशाला बोलू? एकदा वाटलं, सही करून टाकावी. मग वाटलं, हे कधीतरी तुझ्या कानावर जाईल. हौशानं माझं काम पुन्हा तपासलं तर? म्हणून नाही केली."

हौशीरामही हसायला लागला. आतून अजीजुन्निसा चहा घेऊन आली तेव्हा दोघं गुडघ्यांवर हात मारून हसत होते. ती दारातच थबकली. मग म्हणाली, "हौशीरामभाऊ, जेवल्याशिवाय जायचं नाही."

जेवताना हौशीराम म्हणाला, की पुण्याला शाखा काढायचा विचार आहे, भागीदार म्हणून ये. सरदारनं घास चावायला लागतो त्याच्यापेक्षा जास्त वेळ घेतला. "तुझ्या नावाखाली नाही," तो म्हणाला. "तुझ्या बरोबरीनंही नाही. मला शांत झोप लागायची नाही रे." हौशीरामनं पुन्हा विचारलं नाही.

हॉटेलचं काम गेलं ते गेलंच. मालकांना नवीन, सोयीचा कुणीतरी मिळाला. त्या वर्षी मुलाणींच्या घरात ईदचे कपडे अजीजुन्निसानं घरीच शिवले. पुढे हळूहळू सोसायट्यांची कामं वाढली. वडगावपासून सुदुंबऱ्यापर्यंत कुठंही पतपेढीत घोळ झाला की लोक म्हणायचे, लोणावळ्याच्या मुलाण्याला बोलवा. सोमाटण्याहून मुंबईला परतताना हौशीराम जेवायला थांबायला लागला. त्याच्या येण्याची सरदार वाट पाहायचा. तो जेवून गेला की मात्र घटकाभर त्याचा चेहरा ओढलेला असायचा.

एकदा अजीजुन्निसानं विचारलं, "आज काय झालं आता?"

"त्यानं नवी गाडी घेतली. पाहिलीस ना?"

"पाहिली. चांगली आहे."

"चांगली आहे," सरदार म्हणाला, आणि मग थोड्या वेळानं, "रंग मात्र काही बरा नाही."

"नाही," ती म्हणाली, "रंग अगदीच वाईट आहे," आणि पानाचा डबा उघडून तिनं त्याच्यासाठी विडा लावायला घेतला.